पुस्तकात नसलेली गोष्ट

जोतीराम मास्तराचं पुस्तक छापून आलं ते चव्वेचाळीस सालच्या संक्रांतीच्या तोंडावर. लढाईचे दिवस. कागद मिळेना, रॉकेल मिळेना, आणि वाडीतल्या घराघरातला एखादा गडी पलटणीत. अशा दिवसांत हसायच्या गोष्टींचं पुस्तक काढायचं म्हणजे मयताच्या घरी पेढे वाटण्यातला प्रकार. सांगलीच्या छापखान्याचे मालक आप्पासो पहिल्यांदा नाहीच म्हणाले होते. मग त्यांनी सहज म्हणून एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिसऱ्या पानाला खिळे जुळवणाऱ्या माणसांना हाका मारून मोठ्यानं वाचून दाखवू लागले. कागद मिळाला तो पिवळट आणि जाडाभरडा, पण पुस्तक निघालं. नाव ‘हवालदाराची पलटण’.

हवालदार म्हणजे जोतीरामाचा बाप, आकाराम. पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला, पेन्शन खाऊन असलेला ताठ म्हातारा. आणि पलटण म्हणजे त्याचं घर. विट्याच्या अलीकडं माळाला चिकटून असलेल्या वाडीत हे घर खुळ्यांचं घर म्हणून ओळखलं जायचं. त्याला कारणंही तशीच होती.

रोज दिवेलागणीला आकाराम अंगणात उभा राहून ओरडायचा, “गिनतीऽऽ!” की घरातल्या सगळ्यांनी हातातलं काम टाकून रांगेत यायचं. बायको, बहीण, मुलगा, सून, दोन नातू, सालगडीसुद्धा. एकेकाचं नाव पुकारायचं आणि त्यानं ‘हाजर’ म्हणायचं. एक जण कमी पडला तर चूल थंड. एकदा जोतीराम विट्याहून येताना मोटार बंद पडली आणि तो पहाटे घरी पोचला, तर अख्खं घर उपाशी अंगणात बसलेलं. सालगडी मास्तरावर जो डाफरला, तो प्रसंग पुस्तकात आहे, आणि तो वाचून विट्याचा डॉक्टर खुर्चीवरून घसरला म्हणतात.

आकारामाची बहीण दगडाबाई लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. ती चालता चालता मधेच भुईवर पालथी पडायची आणि कान लावायची. कोणी विचारलं तर म्हणायची, “भुई काय म्हंतीया बगते.” उठल्यावर गोठ्यात जाऊन म्हशीशी तिची मसलत चालायची. आणि जोतीरामाची आई बनुबाई घरातल्या कुणालाच नावानं हाक मारत नसे. पितळी घ्यायची आणि उलथन्यानं बडवायची. नवऱ्याला एक ठोका, नणंदेला दोन, मुलाला तीन. एकदा देवळात आरती सुरू झाली तर आकाराम शेतातून पळत घरी आला, ही गोष्ट तर गावानं पाठ केली होती.

जोतीराम या सगळ्यात वाढला. पोरपणी त्याला लाज वाटायची, पोरं चिडवायची, त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. पुढं फायनल पास होऊन तो शाळेवर लागला, लग्न झालं, अंजना घरात आली. ती पहिल्या दिवशी रांगेत उभी राहून घाबरत ‘हाजर’ म्हणाली आणि आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसली. तिच्या हसण्यावरून जोतीरामाला समजलं की आपल्या घराला हसताही येतं. तेव्हापासून तो लिहू लागला.

पुस्तक आलं तेव्हा त्यानं बापाच्या हातात दिलं. आकारामानं ते उलटसुलट करून पाहिलं, वरचं चित्र न्याहाळलं आणि फळीवर ठेवून दिलं. बनुबाई आणि दगडाबाईला अक्षर येत नव्हतं. वाचून दाखव, असं कोणी म्हणालं नाही, आणि जोतीरामालाही धीर झाला नाही.

बाहेर मात्र पुस्तकानं धमाल उडवली. न्हाव्याच्या हातातला वस्तरा थांबू लागला. रजेवर आलेले शिपाई जाताना ट्रंकेत एक प्रत टाकून नेऊ लागले. वाडीतले लालासाहेब, पेन्शनीतले जमादार, रोज दुपारी आपल्या सोप्यात मोठ्यानं वाचायचे आणि ज्यांचे नवरे लढाईवर गेलेत अशा बाया कामं टाकून ऐकायला बसायच्या. त्यांना हसताना पाहून जोतीरामाला आपण काहीतरी पुण्य केलं असं वाटायचं.

एके दिवशी शाळा सुटल्यावर लालासाहेबांनी त्याला वाटेतच धरलं.

“मास्तर, सगळ्या गोष्टी झकास हायत. पर त्यातली लपंडावाची गोष्ट, तिला तोड न्हाई!”

“कुठली?” जोतीरामानं विचारलं.

“आता आमालाच इचारताय व्हय? त्या बारक्या पोरीची. पोरगी लपून बसतीया आन् अख्खं घर हुडकतंय. हवालदार समद्यास्नी रांगंत उभं करून गिनती घेतोय, दगडाबाई म्हशीला इचारतीया, ‘बया, तू तरी सांग कुटं हाय ती.’ बनुबाई हाका मारून दमली, मग पितळीच बडवत सुटली. आन् पोरगी आपली कुटनं तरी ‘कुकूऽऽ’ करतीया!” लालासाहेब हसून हसून खोकायला लागले. मग हसणं ओसरलं. कपाळाला आठी घालून ते म्हणाले, “पर शेवट काय झाला हो? ती घावली कुटं? आमाला काय केल्या आठवंना.”

जोतीरामाला वाटलं, म्हातारपण. कुठल्या मासिकातली गोष्ट डोक्यात बसली आणि याच्यात मिसळली. तो हसला आणि वाटेला लागला.

पण पुढच्या सोमवारी विट्याच्या बाजारात किराणा दुकानदारानं तेच काढलं. पोरगी, लपंडाव, म्हशीला विचारणं, पितळी. तोही त्याच ठिकाणी येऊन अडला. “आन् मग?” म्हणाला आणि जोतीरामाच्या तोंडाकडं बघत राहिला. जोतीरामानं पुस्तक त्याच्या पुढ्यात ठेवलं. “दाखवा कुठं हाय ती.” दुकानदारानं पानं चाळली. एकदा चाळली, पुन्हा उलटी चाळली. म्हणाला, “हितंच तर हुती,” आणि अंगठ्याला थुंकी लावून परत पहिल्यापासून सुरुवात केली. जोतीराम निघून आला तेव्हाही तो चाळतच होता.

मग न्हावी. मग पोष्टातला कारकून. ज्यानं त्यानं पुस्तकाबद्दल मत द्यायचं आणि मत देता देता त्याच गोष्टीवर यायचं. सगळ्यांना तीच सगळ्यात जास्त आवडलेली. सगळे हसायचे आणि सगळे एकाच जागी थांबायचे. थांबले की तोंडावरचं हसू असं जायचं, जसं कुणी फुंकर मारून दिवा घालवावा.

जोतीरामाला अन्न गोड लागेना. न राहवून तो मोटारीनं सांगलीला गेला. आप्पासोंनी शिल्लक गठ्ठे सोडून दाखवले. एकेक प्रत तपासली. कुठंच काही जास्तीचं नव्हतं.

“अहो मास्तर, कागदाची एवढी मारामार,” आप्पासो म्हणाले, “तुम्ही न लिहिलेली गोष्ट मी कशाला छापू?” मग शाई पुसायच्या फडक्यानं हात पुसत पुसत ते थबकले. “पण लपंडावाची म्हणता होय? ती आमची मंडळी रात्री पोरांना सांगत होती. मी म्हटलं तुमच्या पुस्तकातलीच. पोरं मात्र रडून उठली. शेवट सांग, शेवट सांग म्हणून तिच्या मागं लागली होती.”

परतताना जोतीराम मोटारीत बसला. पुस्तक पिशवीत होतं. पिशवी मांडीवर घ्यायचं सोडून त्यानं ती पायांशी ठेवली.

त्या दिवसांत माण तालुक्याकडच्या मेंढरांचा कळप वाडीत आला होता. उन्हाळ्यात खताला म्हणून शेतात मेंढरं बसवायची रीत. आकारामाच्या रानातही कळप बसला होता. जोतीराम शनिवारी दुपारचा मेंढरं बसवल्याचं धान्य द्यायला गेला तर कळपाबरोबरची धनगरीण हरणाबाई बाभळीखाली लोकर विंचरत होती. उमर झालेली, काटक बाई. वाडीत असली की लालासाहेबांच्या सोप्यात हीही ऐकायला जायची.

“मास्तरा, लय ग्वाड लिवलंयस,” ती म्हणाली. “आमच्या मेंढरास्नी बी हसू येईल.”

जोतीरामानं जपून विचारलं, “लपंडावाची गोष्ट ऐकली का हरणामावशी?”

“ऐकली की. पर ती जमादारानं न्हाई वाचली.”

“मग?”

“त्यो पानी प्याया आत गेलाता. तवा पोरीनं सांगितली.”

“कुठल्या पोरीनं?”

“माज्याच शेजारी बसती न्हवं का रोज. परकर नेसल्याली, एकाच पायात वाळा.” हरणाबाईनं फणी थांबवून त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. “तुजीच ना रं ती? नाक बग, हुबेहूब तुजंच.”

जोतीरामाला दोन मुलगे होते. मुलगी नव्हती. रणरणत्या उन्हात, मेंढरं सावलीत माना खाली घालून उभी, कुठं पान हलत नाही, आणि जोतीरामाच्या मानेवरचे केस उभे राहिले. “शेवट सांगितला का तिनं?” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“न्हाई. म्हनली, मला ठावं न्हाई. मला झोप लागली.”

घरी आला तो अंथरुणावर पडला. अंजनानं कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं उशाशी बसून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “आवं, मान्सं सांगत्यात ती गोष्ट तुमी लिवली न्हाई. पर तिच्यातलं घर तर आपलंच हाय. मग सासूबाईस्नी इचारा की. भ्या वाटतंय म्हून बसून कसं चालंल?”

दुसरा दिवस रविवार. आकाराम रानात गेला होता, नातू ओढ्याला. बनुबाई सोप्यात सूप घेऊन जोंधळं पाखडत होती. जोतीराम समोर बसला. काय आणि कसं विचारावं कळेना, म्हणून त्यानं नुसती गोष्टच सांगायला घेतली, लोक सांगायचे तशी.

बनुबाईचं सूप थांबलं नाही. तिनं मधेच विचारलं, “ही गोष्ट ऐकून मान्सं हसली का?”

“हसली. लय हसली.”

“कशाला हसली?”

“आत्या म्हशीला विचारते त्याला.”

बनुबाईच्या ओठांच्या कडा हलल्या. “व्हय. इचारत हुती. म्हशीच्या गळ्यात हात टाकून इचारत हुती. म्या तर पोट धरून हसले.” सूप आता मांडीवर टेकलं. “आमी समदी हसतच हुडकत हुतो रं, जोत्या. म्हनूनच ध्यानात यायला येळ लागला.”

मग तिनं सांगितलं. जोतीराम जन्मायच्या आधीची गोष्ट. आकाराम पलटणीतून रजेवर आला होता. अंगणाच्या कोपऱ्यात तेव्हा धान्याचं पेव होतं, रांजणासारखं खोल आणि तोंडाला बारीक, उतरायला कडेला खोबण्या. वर्षभर बंद असलेल्या पेवात वाफ कोंडते, तिनं माणूस गुदमरतो, म्हणून तोंड उघडल्यावर ते बराच वेळ तसंच ठेवायची रीत. त्या दिवशी सकाळी वरवरचं धान्य काढलं होतं, आणि दुपारी पोरीनं लपंडाव मांडला. बाप घरी आल्याचा तिला कोण आनंद! घरातल्या सगळ्यांना तिनं खेळायला ओढलं. आकारामानं पलटणीची ऐट दाखवत गिनती घेतली. दगडाबाईनं म्हशीला साकडं घातलं. बनुबाई हाका मारमारून दमली आणि तिनं गमतीनं पितळी बडवली.

“आन् पेवाची फरशी कुनीतरी परत तोंडावर सारली हुती. पोर पडंल म्हून सारली असंल. चांगल्याच मनानं सारली असंल. कुनी, त्ये कुनी कुनाला आजवर इचारलं न्हाई.”

गोठ्याच्या दाराशी दगडाबाई येऊन उभी राहिली होती. हातात वैरणीची पेंढी तशीच. ती म्हणाली, “मला ऐकू आलं हुतं. भुईतनं आलं. कुकू म्हनून. म्या म्हनलं, कुंभारकावळा घुमतोय.”

जोतीरामानं बाहेर पाहिलं. अंगणाच्या त्या कोपऱ्यात पालथं घातलेलं जुनं उखळ होतं. तिथं विंचवांचं घर आहे, जायचं नाही, असं जोतीरामाला लहानपणापासून बजावलेलं, आणि त्यानं आपल्या मुलांनाही तेच बजावलेलं. ज्या ज्या गोष्टीला मुलूख हसला ती ती गोष्ट त्या एका दुपारची होती. त्याच दुपारी थांबलेल्या तीन माणसांच्या घरात तो जन्मला, वाढला, आणि त्यानं त्यांचं पुस्तक केलं. त्याला आपल्या हातांकडंही बघवेना.

“नाव काय होतं तिचं?” शेवटी त्यानं विचारलं.

बनुबाईला नाव उच्चारायला फार वेळ लागला. “मनू,” ती म्हणाली. मग जणू चव बघावी तसं पुन्हा एकदा म्हणाली, “मनू.”

त्या संध्याकाळी आकारामाची गिनती झाली तेव्हा जोतीरामानं ताठ उभं राहून ‘हाजर’ म्हटलं. बापानं त्याच्याकडं एकदा पाहिलं, बायकोकडं एकदा पाहिलं, आणि त्याला समजायचं ते समजलं.  जेवणाच्या वेळी त्यानं आपल्या ताटातली भाकरी मोडून मुलाच्या ताटात टाकली. असं त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं.

जोतीरामाला वाटलं, लोक एवढं विचारत होते, त्यांना शेवट सांगायला हवा. तो लालासाहेबांकडं गेला. लालासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “लपंडावाची गोष्ट? कुटली हो? तुमच्या पुस्तकात तर अशी काय न्हाई.” विट्याचा दुकानदारही तेच म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडं वळला. न्हाव्याला, पोष्टातल्या कारकुनाला, कुणालाच काही आठवेना. हरणाबाईला विचारावं तर कळप माण तालुक्याकडं निघून गेला होता. रानात नुसत्या लेंड्या आणि बाभळीखाली लोकरीचा एक पुंजका.

चैत्र लागला, शाळेला सकाळची वेळ झाली. एका दुपारी बनुबाईनं फळीवरचं पुस्तक स्वतः काढून मुलापुढं ठेवलं. “दुनियेला वाचून झालं. आता आमास्नी वाच.”

जोतीरामानं नको नको म्हटलं. ती म्हणाली, “आमची गोष्ट हाय. आमी ऐकायची न्हाई तर कुनी ऐकायची?”

मग रोज दुपारी वाचन सुरू झालं. बनुबाई भिंतीला टेकून, दगडाबाई उंबऱ्यावर, अंजना दळणाच्या जात्याजवळ. आकाराम पाठ फिरवून दोर वळत बसायचा, जसं काही त्याचा याच्याशी संबंधच नाही. पहिल्या दिवशी जोतीराम भराभर वाचत सुटला. पण दगडाबाई आधी हसली. आपलंच भुईवर पालथं पडणं ऐकून ती अशी हसली की तिचा पदर ढळला. “मी अशी दिसती व्हय गं वैनी?” बनुबाई म्हणाली, “दुसरी कशी दिसनार?” आणि तीही हसू लागली. तिची तक्रार एकच, “येवढ्या जोरात म्या पितळी बडवत न्हाई. ह्ये तू वाढवून लिवलंयस.” आकाराम मागं न वळताच म्हणाला, “मोटार विट्यात न्हवती पडली बंद, विट्याच्या फुडं पडलीती. छापायच्या आधी इचारावं मान्सानं.” पुस्तकावर घरातून आलेली ही पहिली मतं, आणि जोतीरामाला ती डॉक्टरच्या खुर्चीवरून पडण्यापेक्षा मोलाची वाटली.

तीन-चार दिवस गेले तशी एक गोष्ट त्याच्या ध्यानात येऊ लागली. हसायची जागा आली की सगळी हसायची. हसून थांबायची. तो पुढचं वाक्य वाचायला तोंड उघडायचा, आणि त्याच क्षणी, सगळ्यांच्या मागून, एक बारीकसं हसू यायचं. दाराच्या बाजूनं, उन्हाच्या अंगानं. पहिल्यांदा त्याला वाटलं अंजना. अंजनाच्या तोंडात पदर होता. मग वाटलं आपली मुलं. मुलं ओढ्याला गेली होती. त्यानं मान वर केली नाही. बोट ओळीवर ठेवलं, ओळ सुटू नये म्हणून.

त्या दिवशी पुस्तक मिटल्यावर बाकीची उठून गेली. बनुबाई तिथंच बसून राहिली. जोतीराम तिच्याकडं न बघता म्हणाला, “आये, तुला काय ऐकू आलं का?”

“आलं की.”

“मग?”

बनुबाईनं पदरानं तोंडावरचा घाम टिपला. “बारकी हाय ती,” ती म्हणाली. “इनोद समजाया जरा येळ लागतोय. तू उद्यापासनं जरा दमानं वाच.”

दुसऱ्या दिवशी जोतीराम दमानं वाचू लागला. प्रत्येक हसायच्या जागी तो थांबायचा आणि वाट बघायचा.